पसरणी घाटातला गचका आणि हील-अँड-टो: पाय नेमका कुठे चुकतो

प्रश्न थोडक्यात असा. वाईतल्या एकाकडे दीड लिटरची टर्बो पेट्रोल, सहा गिअरची मॅन्युअल गाडी आहे. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना तिसऱ्यातून दुसरा टाकला की गचका बसतो, शेजारचा माणूस डॅशबोर्डकडे झुकतो, रस्ता ओला असेल तर पुढची चाकं क्षणभर चर्रकन घासतात. उपाय म्हणून व्हिडिओ बघून हील-अँड-टो सुरू केलं, म्हणजे खालचा गिअर टाकताना एकाच उजव्या पायाने ब्रेक दाबून धरायचा आणि ॲक्सिलरेटरलाही रेस द्यायची. आता गचका कधी कमी, कधी जास्त. पण ब्रेक मारता मारता गाडी मध्येच सुटल्यासारखी वाटते आणि निम्म्या वेळा पाय ॲक्सिलरेटरपर्यंत पोचतच नाही. दोष चपलेचा, पेडलचा की पायाचा? आणि घरच्या जुन्या डिझेलवर सराव केला तर चालेल का?

आधी निकाल सांगतो. गचका बसतो तो इंजिनचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) खालच्या गिअरशी जुळत नाहीत म्हणून. गाडी सुटल्यासारखी वाटते ती रेस देण्यासाठी पाऊल वळवताना चवड्याखालचा ब्रेक सैल पडतो म्हणून. या दोन वेगळ्या चुका आहेत आणि दुसरी जास्त वाईट. कोरड्या रस्त्यावर गचक्याने फार तर क्लच प्लेट लवकर झिजेल. पण वळणाच्या तोंडाशी 50 च्या वेगात ब्रेक अर्धा सेकंद सैल पडला, तर तेवढ्यात गाडी सात मीटर पुढे गेलेली असते. म्हणून खालचं सगळं एकाच गोष्टीभोवती फिरणार आहे: रेस चुकली तरी चालेल, ब्रेकचा दाब हलता कामा नये.

गचका कुठून येतो

गिअर सहज पडला म्हणजे काम झालं, असा बहुतेकांचा समज असतो. तो सिंक्रोमेशमुळे होतो. गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगा क्लच दाबलेला असताना गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि त्याला लागलेली हलकी क्लच प्लेट नव्या गिअरच्या वेगाला आणून ठेवतात. लिव्हर लोण्यासारखा आत जातो. पण क्लचच्या पलीकडे इंजिन आणि त्याचं जड फ्लायव्हील आहे, त्याला याचा पत्ताच नसतो. तुम्ही ॲक्सिलरेटर सोडलेला असल्यामुळे ते आयडलकडे, म्हणजे रेस न देता फिरण्याच्या वेगाकडे, घसरत असतं. मग क्लच सोडला की चाकांनाच त्या इंजिनला ओढून वर आणावं लागतं. ती ओढ म्हणजे तुमचा गचका.

आकड्यात बघा. समजा तुमच्या गाडीत 1000 आरपीएमला तिसऱ्या गिअरमध्ये 20 आणि दुसऱ्यामध्ये साडेतेरा किलोमीटरचा वेग मिळतो. मग 60 च्या वेगाला तिसऱ्यात 3000 आरपीएम असतील आणि त्याच वेगाला दुसऱ्यात साधारण 4450. फरक 1450. हेच तुम्ही आधी ब्रेक मारून 30 वर आलात आणि मग दुसरा टाकला, तर तिसऱ्यातले 1500 दुसऱ्यात 2200 होतात. फरक फक्त 700. गिअर जितका उशिरा टाकाल तितकी रेस कमी लागते आणि चूक झाली तरी गचका लहान बसतो. हील-अँड-टो जमत नाही म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा पाय ठीक असतो, ते घाईत गिअर टाकत असतात. ब्रेकला हात, म्हणजे पाय लागला रे लागला की यांचा लिव्हर खाली.

तुमच्या गाडीचे आकडे काढायला पाच मिनिटं लागतात. सपाट, मोकळ्या रस्त्यावर 40 चा वेग धरून तिसऱ्यातले आरपीएम बघा, मग दुसऱ्यात तोच 40 धरून बघा. दोन्ही आकडे पाठ करा. दुसऱ्याला तिसऱ्याने भागलं की जो गुणक येईल (वरच्या उदाहरणात साधारण 1.48) तो कुठल्याही वेगाला तोच राहतो. चौथा-तिसऱ्याचाही असाच काढा. तो लहान येईल.

चाकं घासण्याचं कारणही इथेच आहे. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालते. ब्रेक आणि इंजिनची ओढ एकाच जोडीवर पडली की ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटते आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्पोर्ट्‌स कारमध्ये हाच प्रकार जास्त भीतीदायक: ब्रेक मारताना वजन पुढे आलेलं असतं, मागची चाकं आधीच हलकी झालेली असतात, त्यात इंजिनने त्यांना ओढून धरलं की गाडीची शेपटी बाहेर. एबीएस (ब्रेकमध्ये चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे ना, असं कोणी म्हणेल. एबीएस ब्रेकचा दाब कमी करू शकतं. इंजिनने धरून ठेवलेलं चाक त्याला एकट्याने सोडवता येत नाही. काही गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स स्वतःच थोडी रेस देऊन ही ओढ कमी करतं, पण त्याच्या भरवशावर गिअर टाकायचे नसतात.

जुन्या ट्रक आणि एसटीच्या ड्रायव्हरांना हे सगळं पायाने माहीत होतं. सिंक्रो नसलेल्या गिअरबॉक्समध्ये ‘डबल क्लच’ मारल्याशिवाय खालचा गिअर पडायचाच नाही: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर. आजच्या गाडीत सिंक्रो शाबूत असतील तर डबल क्लचची गरज नाही. एकदा क्लच दाबला, त्यातच रेस दिली, गिअर टाकला, सोडला, पुरे.

टाच की चवडा

नाव ‘हील-अँड-टो’ असलं तरी आजच्या बहुतेक गाड्यांत टाचेचा संबंध कमीच येतो. अंगठ्याखालची चवड्याची गादी ब्रेक पेडलच्या उजव्या निम्म्या भागावर ठेवायची आणि पाऊल घोट्यातून उजवीकडे कलतं करून करंगळीकडच्या कडेने ॲक्सिलरेटर दाबायचा. चवडा ब्रेक सोडत नाही, फक्त त्याच्याभोवती पाऊल कलंडतं. टाच जमिनीलगत तरंगती राहते. ब्रेक आणि ॲक्सिलरेटरमध्ये अंतर जास्त असेल किंवा ॲक्सिलरेटर जमिनीतून वर आलेला लांब पेडल असेल, तरच पाऊल तिरपं करून टाचेने रेस द्यायची पद्धत सोयीची पडते.

आता ‘पाय पोचत नाही’ याबद्दल, कारण तुमचं खरं दुखणं इथे आहे. कुठल्याही गाडीत पाय उचलल्यावर ब्रेकचं पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा बरंच वर असतं. जोरात ब्रेक दाबला की ते खाली येतं आणि तेव्हाच दोन्ही जवळपास एका पातळीला येतात. म्हणजे हलक्या ब्रेकमध्ये हील-अँड-टो करायला गेलात तर करंगळीकडची कड ॲक्सिलरेटरच्या दोन-तीन सेंटिमीटर वरच तरंगत राहणार. मग माणूस काय करतो? पोचण्यासाठी घोटा वाकडा करतो, गुडघा आत ओढतो आणि त्या धडपडीत चवडा ब्रेकवरून उचलला जातो. तुम्ही सांगता ते ‘सुटल्यासारखं’ हेच. ही युक्ती जोरकस ब्रेकिंगसाठी आहे. बाजारपेठेत 25 च्या वेगात तिचा सराव करणं म्हणजे चुकीची सवय लावून घेणं.

गाडी उभी करून एकदा पाहून घ्या. इंजिन चालू नसताना दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक कडक होतो, त्यामुळे हा तपास इंजिन चालू ठेवून, गाडी सपाटीवर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून करा. ब्रेक नेहमीच्या जोरकस दाबाने दाबा आणि वाकून बघा: ब्रेक पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा किती वर राहिलं? एक सेंटिमीटरभर वर असेल तर उत्तम. ॲक्सिलरेटरच्याही खाली गेलं तर नुसता ब्रेक मारताना चुकून रेस लागू शकते, ते धोक्याचं. आणि दाबून धरलेलं पेडल हळूहळू आणखी खाली उतरत असेल किंवा स्पंजासारखं लागत असेल, तर हील-अँड-टो विसरा आणि आधी गाडी गॅरेजला न्या. ब्रेक ऑइलमध्ये हवा असेल, ऑइल जुनं असेल, मास्टर सिलिंडर गळत असेल. पेडलची उंची दर वेळी वेगळी असेल तर पायाने काय लक्षात ठेवायचं?

ब्रेक ऑइलचा मुद्दा घाटाखाली राहणाऱ्यांसाठी जास्त महत्त्वाचा आहे. डॉट 4 ऑइलचा नवं असताना उकळबिंदू किमान 230 अंश असावा लागतो. हवेतला ओलावा शोषून जुनं झालं की त्याच मानकाप्रमाणे तो 155 अंशांपर्यंत खाली आलेला चालतो. महाबळेश्वरच्या पावसात आणि धुक्यात वावरणाऱ्या गाडीने दोन वर्षांनी ऑइल बदलावंच. पाचगणी ते वाई उतार साडेपाचशे मीटरहून जास्त आहे. माणसं-सामानासह दीड टनाची गाडी तेवढी खाली आणताना जी उष्णता कुठेतरी जिरवावी लागते, तिने वीस-पंचवीस लिटर गार पाणी उकळेल. ती सगळी ब्रेकमध्ये घालायची की अर्धी इंजिनवर सोपवायची, हे तुमच्या गिअरवर ठरतं. न्यूट्रलमध्ये घाट उतरून पेट्रोल वाचतं ही समजूत तर काढूनच टाका. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन तुटतं. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर पेट्रोल पीतच राहतं आणि ब्रेक एकटे पडतात.

चप्पल, मॅट, सीट

कोल्हापुरी पायात असेल तर प्रयत्नच करू नका. तळ कडक आणि गुळगुळीत, टाचेला पट्टा नाही, पाऊल कलतं केलं की चप्पल ब्रेकवर आणि पाय हवेत. क्रॉक्स आणि जाड तळाचे ट्रेकिंग बूटही तसेच. चवड्याला पेडल जाणवत नाही. पातळ, सपाट, रबरी तळाचा, अरुंद कॅनव्हासचा बूट सगळ्यात बरा. पावसाळ्यात तळ पुसून बसा.

त्याहून मोठा अडथळा म्हणजे आजकाल सगळ्यांनी घातलेल्या जाड ‘सेवन-डी’ मॅट. टाचेखाली दीड-दोन सेंटिमीटर उंची वाढते, घोट्याचा कोन बदलतो, आणि मॅटची कड सरकून ॲक्सिलरेटरखाली अडकली तर तो पूर्ण दाबला जात नाही किंवा दाबलेला सुटत नाही. निदान ड्रायव्हरच्या बाजूची काढून कंपनीची हुक असलेली मॅट लावा. पेडलवर चिकटवायच्या ॲल्युमिनियमच्या ‘रेसिंग’ पट्ट्याही नकोत. चिकटवलेलं कधीतरी निघतं, आणि ते ब्रेक मारतानाच निघतं.

सीट नेहमीपेक्षा एक खाच पुढे. क्लच तळापर्यंत दाबूनही डावा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, आणि पाऊल कलतं करताना उजवा गुडघा स्टिअरिंग कॉलमला किंवा दाराला लागता कामा नये. डाव्या पायाने क्लच सोडला की तो बाजूच्या फुटरेस्टवर टेकवून शरीराचा भार तिथे द्या. हे न केल्यास माणूस ब्रेकवर आणि स्टिअरिंगवर लोंबकळतो, आणि लोंबकळणाऱ्या पायाला बारीक काम जमत नाही.

क्रम

परदेशी व्हिडिओ डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांचे असतात. पायांचा क्रम तोच, पण आपल्याकडे गिअर डाव्या हाताने पडतो आणि स्टिअरिंगवर उजवा हात एकटा उरतो. म्हणून हे सगळं गाडी सरळ असतानाच उरकायचं, वळणात शिरल्यावर नाही.

घाट उतरताना तिसऱ्यात 50-55 ने एक बंद वळण येतंय असं धरा. सरळ रस्त्यावरच चवडा ब्रेकवर, दाब लवकर वाढवून एका पातळीला स्थिर. वेग पडू द्या, घाई नको. वेग 35 च्या आसपास आला की डावा पाय क्लच तळापर्यंत नेतो आणि त्याच वेळी लिव्हर तिसऱ्यातून सुटून दुसऱ्याकडे निघतो. लिव्हर मधल्या न्यूट्रलमधून जात असताना उजवं पाऊल कलंडून रेस देतं. आरपीएमची सुई अंदाजे हव्या त्या आकड्याच्या 200-300 वर जाऊ द्या, कारण क्लच पकडेपर्यंत ती तेवढी खाली येतेच. लिव्हर दुसऱ्यात बसला की क्लच लगेच पण न झटकता सोडा. पाऊल पुन्हा सरळ, चवडा अजूनही त्याच दाबाने ब्रेकवर. मग वळणाच्या तोंडाशी दाब हळूहळू कमी करत गाडी आत घाला. क्लच दाबल्यापासून सोडेपर्यंत अर्धा ते एक सेकंद. यापेक्षा वेगाने करायची शर्यत कोणाशी नाही.

रेस म्हणजे टिचकी नाही. आजच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला केबल नसते, सेन्सर असतो. अगदी क्षणिक टिचकीला इंजिन मंदपणे उत्तर देतं किंवा देतच नाही. थोडं लांब, साधारण ‘टाक’ म्हणायला जितका वेळ लागतो तितका दाब द्या. गाडीत स्पोर्ट मोड असेल तर सरावाला तोच लावा, रेसला उत्तर चटकन येतं.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबले गेले तर कॉम्प्युटर ॲक्सिलरेटरकडे दुर्लक्ष करतो. अडकलेल्या ॲक्सिलरेटरमुळे होणारे अपघात टाळण्यासाठी ही सोय आहे. तुमच्या गाडीत ती किती कडक आहे ते बघा: न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत ब्रेक दाबून धरून रेस द्या, सुई हलते का? मग मोकळ्या मैदानात 30-40 च्या वेगात ब्रेक आणि क्लच दाबून पुन्हा बघा, कारण काही गाड्यांत ही सोय ठराविक वेगानंतरच जागी होते. सुई हलत नसेल तर दोष तुमच्या पायाचा नाही. अशा गाडीत ब्रेक आधी संपवायचा, मग पूर्ण पाऊल ॲक्सिलरेटरवर नेऊन साधी रेस देऊन गिअर टाकायचा; वळणाच्या थोडं आधी सगळं उरकावं लागतं एवढंच. दुसऱ्या टोकाला अशा स्पोर्ट्‌स कार आहेत ज्या स्वतःच रेस जुळवून देतात. निसानने 370झेडमध्ये ही सोय आणली, आता अनेक कंपन्या देतात. फॉर्म्युला वनमध्ये तर 1989 साली फेरारीने स्टिअरिंगमागच्या पॅडलवरचे गिअर आणले आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या ड्रायव्हरांच्या पायांचं हे काम संपलं. मोटारसायकलवाल्यांचा स्लिपर क्लचही हाच गचका गिळतो. हाताने-पायाने करायची हौस आपल्यासारख्यांना उरली आहे.

काय बिघडलं हे कसं ओळखायचं

क्लच सोडल्यावर सुई वर उडाली आणि नाक खाली गेलं, तर रेस कमी पडली. सुई खाली आली आणि गाडीने पुढे ढकललं, तर जास्त झाली; सुरुवातीला ही चूक चालते, ती पहिलीपेक्षा कमी वाईट. रेस बरोबर दिली होती तरी गचका बसला, तर बहुतेक वेळा रेस फार लवकर दिली: लिव्हर बसेपर्यंत सुई पुन्हा घसरली. रेस देताना गाडीच पुढे धावली, तर क्लच तळापर्यंत गेला नव्हता. गिअर टाकताना करकर आवाज आला तर तेच, नाही तर सिंक्रो झिजलाय. थंडीच्या सकाळी पाचगणी-महाबळेश्वरला पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर जड पडतो, ते गिअर ऑइल गार असल्यामुळे. तेव्हा जबरदस्ती करू नका.

सगळ्यात महागडी चूक वेगळीच. पाचव्यातून चौथा टाकायला जाता आणि लिव्हर डावीकडे ढकलला जाऊन दुसरा पडतो. 100 च्या वेगात वरच्या उदाहरणातली गाडी दुसऱ्यात टाकली तर इंजिनला 7400 आरपीएम फिरावं लागेल. रेव्ह लिमिटर इथे काही करू शकत नाही. तो इंधन तोडतो, पण इथे इंजिनला चाकं फिरवत असतात. वाकलेले व्हॉल्व्ह म्हणजे हेड खोलणं आलं. म्हणून लिव्हर मुठीत आवळून धरायचा नाही. पाचव्यातून चौथा टाकताना नुसता मागे ओढा, स्प्रिंग त्याला स्वतःच मधल्या रांगेत आणते. तिसऱ्यातून दुसरा टाकतानाच फक्त तळव्याने डावीकडे हलका दाब. दुसऱ्या गिअरची लक्ष्मणरेषा ठरवून ठेवा: साडेसहा हजारांच्या रेडलाइनला (इंजिनच्या आरपीएमच्या कमाल मर्यादेला) तो 87-88 पर्यंत जातो, म्हणून 60 च्या वर त्याला हात लावायचा नाही.

सराव

पहिले दोन दिवस फक्त रेस. न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, इंजिन गरम झाल्यावर, सुई न बघता आवाजावरून 2000 आणि 2500 लावून बघा. मग सपाट रस्त्यावर ब्रेकशिवाय चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा, साधी रेस देऊन. शेजाऱ्याच्या मांडीवर पाण्याची अर्धी भरलेली उघडी बाटली ठेवा. पाणी हललं नाही की पुढे जा. बहुतेकांना घाटासाठी एवढंच पुरतं, आणि माझ्या मते रस्त्यावर रोज वापरण्यासारखी गोष्टही हीच आहे.

तिसरा टप्पा लोक गाळतात आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. मोकळ्या, बंद जागेत 50 वर जा, ब्रेक जोरात आणि स्थिर दाबा, क्लच दाबा आणि गिअर न बदलता फक्त रेस द्या. एकदा, दोनदा, तीनदा. गाडी थांबेपर्यंत ब्रेकचा दाब एकसारखा राहिला का, एवढंच बघायचं. नाक वर-खाली झालं की चवडा हलला. वीस-पंचवीस वेळा सलग नाक स्थिर राहिलं की मगच लिव्हरला हात लावा, आणि सुरुवात चौथा-तिसऱ्याने करा, तिथे आरपीएमची उडी लहान असते. दुसऱ्यातून पहिला कधीच नको.

ही बंद जागा म्हणजे सुट्टीच्या दिवशी परवानगी घेऊन मिळालेलं कारखान्याचं आवार किंवा खासगी मैदान. यवतेश्वर घाट, कासचा रस्ता, खंबाटकी ही सरावाची ठिकाणं नाहीत. मागून येणाऱ्याला तुम्ही अचानक जोरात ब्रेक का मारला हे कळत नाही. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर वेगाच्या चाचण्या घेणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 मध्ये बसतं. गंभीरपणे शिकायचं असेल तर कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. जवळपासचं गो-कार्टिंग ब्रेकिंगची जाण देतं, पण कार्टमध्ये क्लच-गिअर नसल्यामुळे हे शिकायला मिळत नाही.

घाट चढताना तर ही युक्ती जवळपास लागतच नाही. यवतेश्वर चढताना ॲक्सिलरेटर सोडला की चढच गाडीला आवरतो. ब्रेकवर पाय नसल्यामुळे पूर्ण पाऊल रेसला मोकळं असतं. उतरतानाही लांब उतारावर एक गिअर धरून बसा, तो इंजिनब्रेकने गाडी तोलत असेल तर प्रत्येक वळणाला खाली-वर करू नका. कारखान्यांच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, कराड-इस्लामपूर पट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री मागे दिवा नसताना पुढ्यात येतात. तिथे फक्त ब्रेक आणि क्लच दाबायचे. गिअरचा विचार गाडी थांबल्यावर. पावसाळ्यात वळणाच्या आतल्या कडेला शेवाळ आणि वाहून आलेली लाल माती असते, तेव्हा गिअर नेहमीपेक्षाही आधी, सरळ रस्त्यावर, कमी वेगात टाकून मोकळे व्हा.

राहिली डिझेल. चालेल, पण अर्धवट. डिझेलचं फ्लायव्हील जड, रेडलाइन साडेचार-पाच हजारांवर, सुई सावकाश चढते. तिला रेस जास्त वेळ धरावी लागते. तिच्यावर लागलेली लांब रेसची सवय पेट्रोलवर आणली तर सुई हजारभराने वर जाईल. तेव्हा आवाजावरून रेस ओळखणं आणि ब्रेकशिवाय गिअर जुळवणं डिझेलवर खुशाल करा. तिसरा टप्पा मात्र तुमच्याच गाडीत, रोजच्याच बुटात, सीट त्याच खाचेत ठेवून करा, कारण ब्रेक पेडल कितीपर्यंत खाली जातं हे पायाला गाडीगणिक नव्याने शिकावं लागतं.